सर्फ वाजवायला ॲम्प कुठला घ्यायचा? आमच्या बँडचं एक प्रकरण, पहिल्यापासून शेवटपर्यंत

गेल्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत एका पार्कात आमच्या बँडचा संध्याकाळचा कार्यक्रम होता. समुद्रापासून दहा मिनिटांवर, उघडं मैदान, गवतावर चादरी टाकून बसलेले शंभर-दीडशे लोक, आणि दुसऱ्याच ट्यूनमध्ये माझ्या गिटारचा आवाज फाटला. स्पीकर नाही फाटला, आवाज फाटला. घरी हाच ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, काचेसारखा स्वच्छ वाजतो, तिथं ड्रमच्या बरोबरीला यायचं म्हणून व्हॉल्यूम साडेसहावर नेला आणि जाड तारांवर तळहात टेकवून जी टकटक टकटक वाजवायची असते ती सगळी एकमेकांत मिसळून गढूळ झाली, त्यात रिव्हर्ब (आवाज घुमवणारी सोय) चालू, म्हणजे गढूळ पाण्यात आणखी माती. पुढची चाळीस मिनिटं तशीच काढली. घरी येताना गाडीत ठरवलं की ह्याचा एकदा नीट छडा लावायचाच, आणि पुढच्या चार महिन्यांत काय काय केलं ते सगळं इथं लिहितोय, कारण कुणी विचारलं की लोक एका मॉडेलचं नाव सांगून मोकळे होतात आणि माझ्या बाबतीत तरी खरा प्रश्न वेगळाच निघाला.

आधी परिस्थिती सांगतो म्हणजे पुढचं समजेल. आम्ही चौघं, दोन गिटार, बेस आणि ड्रम, सगळे नोकरीवाले, शनिवारी दुपारी प्रॅक्टिस. गायक नाही. सर्फ म्युझिक म्हणजे १९६१ ते ६४ च्या आसपास इथंच, दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फुललेलं वाद्यसंगीत, त्यात गिटारच गाते, त्यामुळे ॲम्प म्हणजेच गायकाचा गळा. छोट्या कार्यक्रमांत साउंडवाला गिटारच्या ॲम्पपुढे माइक लावेलच असं नाही, म्हणून जो काय आवाज पोचवायचा तो ॲम्पनंच पोचवायचा. माझी गिटार जॅग्वार, तारा १२ गेजच्या फ्लॅटवाउंड. ॲम्प २२ वॅटचा ट्यूब कॉम्बो, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या ट्यूबवर चालणारा आणि स्पीकरसकट एकाच डब्यातला, दोन ६व्ही६ ट्यूब, एक १२ इंची स्पीकर, रिव्हर्ब आतच. राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि भिंतीपलीकडे तान्हं बाळ असलेलं कुटुंब. बजेट १२०० डॉलर, ह्याच्या वर एक पैसा नाही असं बायकोला कबूल केलेलं आणि ते मला पाळायचंच होतं.

पहिला विचार जो सगळ्यांच्या डोक्यात येतो तोच आला, मोठा ॲम्प घे. आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याकडे फेंडरचा ट्विन रिव्हर्ब ॲम्प आहे, ८५ वॅट, चार मोठ्या ६एल६ ट्यूब, दोन १२ इंची स्पीकर. त्यानं दोन आठवडे वापरायला दिला. स्वच्छ तर इतका की काय सांगू, गॅरेजमध्ये ड्रम कितीही बडवले तरी व्हॉल्यूम चारच्या वर न्यायची गरज पडली नाही आणि एक सूर इकडचा तिकडे नाही. पण वजन २९ किलो. तिसऱ्या मजल्यावरून तो खाली आणायचा, गाडीत, गाडीतून मैदानात, आणि रात्री अकराला परत वर. माझी पाठ तिशीतच दोनदा धरलेली आहे, त्यामुळे हे माझ्यासाठी बाजूला ठेवण्यासारखं कारण नव्हतं. आणि घरात? घरात तो दीडवर वाजवावा लागतो, आणि दीडवर कुठल्याच ॲम्पचा खरा आवाज निघत नाही असं माझं मत आहे.

पण त्या दोन आठवड्यांत एक गोष्ट लक्षात आली जी मला बुचकळ्यात टाकून गेली. ट्विन स्वच्छ होता, मोठा होता, पण तरीही रेकॉर्डवर ऐकू येतो तो थेंब पडल्यासारखा आवाज, ज्याला इथले सर्फवाले ड्रिप म्हणतात, तो येतच नव्हता. रिव्हर्बचं बटण सातवर, आठवर नेलं तर मोठ्या हॉलमध्ये वाजवल्यासारखं लांबलचक घुमायला लागलं, पण तो ओला, टप् टप् करणारा ठोका नाही.

इथं काकांची एन्ट्री. आमच्या भागात एक सांगलीचे काका राहतात, सत्तरी पार केलेली, तरुणपणी सांगलीत व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे, मग इथं येऊन पस्तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्समध्ये नोकरी केली. ते अजूनही ट्यूबला व्हॉल्व्ह आणि कपॅसिटरला कंडेन्सरच म्हणतात. गणपतीत भेटले तेव्हा मी सहज विषय काढला, तर म्हणाले, ये की रविवारी घेऊन. गेलो. त्यांनी काही न उघडता आधी अर्धा तास नुसतं ऐकलं, मग विचारलं, "तुला नक्की काय कमी पडतंय ते सांग. मोठा आवाज कमी पडतोय, का स्वच्छ आवाज कमी पडतोय, का तो थेंबाचा आवाज पाहिजे? ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत लेका."

मी म्हटलं, "काका, तिन्ही."

"मग तिन्ही वेगवेगळ्या धरू."

माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं वाक्य ते, कारण तोपर्यंत मी तिन्ही एकच समजत होतो.

मोठ्या आवाजाचा हिशोब त्यांनी कागदाच्या पाठीवर करून दाखवला. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. २२ चे ८५ म्हणजे साधारण चौपट, म्हणजे ६ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे नुसत्या वॅटच्या जोरावर ट्विन माझ्या कॉम्बोच्या दुप्पटसुद्धा मोठा होत नाही, त्यात दोन स्पीकरची भर पडते ती वेगळी. आणि मग त्यांनी स्पीकरचा आकडा लिहिला. गिटारच्या बऱ्याचशा साध्या स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर ९७ च्या आसपास डेसिबल मिळतात. जेबीएलचा जुना १५ इंची डी१३० घेतला तर १०३. फरक सहाच्या घरात. म्हणजे स्पीकर बदलला की तेवढाच फरक पडतो जेवढा वॅट चौपट करून पडतो, आणि स्पीकर बदलायला पाठ मोडत नाही.

हे ऐकल्यावर मला शोमन नावाच्या ॲम्पची गोष्ट वेगळ्याच अर्थानं कळली. ती गोष्ट थोडी सविस्तर सांगतो कारण सगळं तिच्यातच आहे आणि ती आमच्या घरापासून अर्ध्या तासावर घडलेली आहे. १९६१ च्या उन्हाळ्यात बाल्बोआच्या किनाऱ्यावर रॉन्देवू बॉलरूम नावाच्या मोठ्या हॉलमध्ये सर्फ गिटारवाला डिक डेल वाजवायचा. मूळचा बॉस्टनचा, वडिलांकडून लेबनीज, कॅलिफोर्नियात येऊन स्वतः सर्फिंग करणारा, डावखुरा, आणि गिटारच्या तारा न बदलता गिटारच उलटी धरून वाजवणारा. तारा पण कसल्या, सगळ्यात बारीक पहिलीच १६ गेजची, बाकीचे लोक साधारण ९-१० ची लावतात. हजारो पोरं नाचतायत, माणसांची अंगं सगळा आवाज शोषून घेतायत आणि हा अशा जाड तारांवर सपासप पिकिंग करतोय. तीसेक किलोमीटरवर फुलर्टनला लिओ फेंडरचा गिटार-ॲम्पचा कारखाना. लिओ स्वतः गिटार वाजवत नव्हता, पण वाजवणाऱ्यांचं ऐकायचा. तो ॲम्प बनवून द्यायचा आणि डेल तो जाळायचा, असे चाळीसच्या वर ॲम्प आणि स्पीकर उडाले असं डेल स्वतः सांगायचा. लिओला समजेना की ह्या पोराला एवढा आवाज लागतो कशाला. शेवटी तो आणि त्याचा सहकारी फ्रेडी टवारेस एका रात्री त्या हॉलमध्ये गर्दीत जाऊन उभे राहिले, आणि मग कळलं.

त्यातून शोमन आला, चार ६एल६, ८५ वॅटच्या घरातलं हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा नुसता ॲम्प, वेगळं आणि स्पीकरची पेटी वेगळी. पण लोक ८५ वॅटच लक्षात ठेवतात. त्या पेटीत काय होतं ते बघा, जेबीएलचा १५ इंची डी१३०एफ, त्यातला एफ म्हणजे फेंडर, फेंडरसाठी थोडा बदललेला. मूळ डी१३० गिटारसाठी बनलेलाच नव्हता. चार इंची रुंद व्हॉइस कॉइल आणि मधोमध ॲल्युमिनियमची टोपी, ती टोपीच तो टणत्कार देते. नंतर दोन-दोन १५ इंचीवाला ड्युअल शोमन आला. म्हणजे जगातला पहिला खरा सर्फ ॲम्प हा निम्मा ॲम्प आणि निम्मा स्पीकर होता. त्या काळातल्या एडी बर्ट्रँड ह्या सर्फ गिटारवाल्यानं पुढे स्वतःचा बँड काढला तेव्हा नाव ठेवलं एडी अँड द शोमेन, ॲम्पच्या नावावरून. किती जीव असेल त्या पोरांचा त्या पेटीवर.

तर पहिला प्रयोग सोपा होता. आमच्या बेसवाल्याच्या ओळखीत एकाकडे जुना डी१३०एफ बसवलेली बंद पाठीची पेटी होती, ८ ओमची (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप, ॲम्प आणि स्पीकरचं ते जुळावं लागतं). माझा कॉम्बोही ८ ओमचा, म्हणजे जुळतंय. आतल्या स्पीकरची पिन काढून ह्या पेटीला लावली. गॅरेजमध्ये सगळ्यांनी माना वळवल्या. तोच २२ वॅटचा ॲम्प, व्हॉल्यूम चारवर, आणि ड्रमच्या वरून ऐकू येतोय. बाहेर अंगणात नेऊन लावला, तिथंही चांगलाच पुढे फेकतोय, कारण बंद पेटीचा आवाज मागे वाया जात नाही आणि मैदानात मागे भिंत नसतेच तो परत आणायला.

इथंच थांबलो असतो तर तीन-चारशे डॉलरमध्ये काम झालं असतं, आणि ज्याला फक्त बंद खोलीत, हळू ड्रमरबरोबर वाजवायचंय त्यानं खरंच इथंच थांबावं. पण आमचा ड्रमर हळू नाही. पाचच्या वर नेलं की उंच तारा ठीक, जाड तारांवर मात्र तेच, ठोक्याची धार बोथट होतेय. काकांनी ॲम्प उघडून मीटर लावला आणि मला वाजवायला सांगितलं. "बघ, तू जोरात मारलं की आतला व्होल्टेज खाली बसतोय." ह्या ॲम्पमध्ये एसीचं डीसी करायला रेक्टिफायर ट्यूब आहे. एकदम करंट मागितला की ती क्षणभर दम घेते, व्होल्टेज उतरतो, मग चढतो. ब्लूज वाजवणाऱ्याला हीच गोष्ट आवडते, सूर दाबला जाऊन मग फुलतो. पण सर्फमध्ये एका सेकंदात दहा-बारा ठोके पडतायत, पहिल्या ठोक्याला बसलेला व्होल्टेज वर यायच्या आत दुसरा येतो. त्यात ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर छोटा, तो जाड तारांचा खालचा भाग पूर्ण पेलत नाही. म्हणजे स्पीकरनं मोठा आवाज दिला, स्वच्छ आवाज नाही दिला. काकांच्या तीन गोष्टींतली पहिली सुटली, दुसरी राहिली.

आता तिसरी, थेंबाची. ह्यात मला सगळ्यात जास्त मजा आली म्हणून जरा रेंगाळतो. फेंडरनं १९६१ साली रिव्हर्बची एक वेगळी पेटी काढली, तिला लोक नुसतं टँक म्हणतात. ती ॲम्पच्या आत नाही, गिटार आणि ॲम्पच्या मध्ये बसते. ॲम्पच्या आतच रिव्हर्ब यायला त्यांच्याकडे १९६३ उजाडलं. स्प्रिंगची कल्पना हॅमंड ऑर्गनवाल्यांकडची, स्प्रिंगच्या एका टोकाला सूर ढकलायचा, दुसऱ्या टोकाला उचलायचा, मधल्या प्रवासात तो इकडून तिकडे आपटत राहतो. डेल सांगायचा की त्याला हे आधी गाण्यासाठी हवं होतं, आवाजात कंप नव्हता म्हणून. नंतर गिटार जोडली. आणि गंमत म्हणजे सर्फची पहिली म्हणून जी १९६१ ची रेकॉर्ड सांगतात तिच्यावर रिव्हर्ब नाहीच आहे, तो ओला आवाज नंतर आला आणि मग सगळ्या संगीताची ओळखच बनला.

टँकवर तीन बटणं, ड्वेल, मिक्सर, टोन. ड्वेल म्हणजे स्प्रिंगला किती जोरात ढकलायचं, मिक्सर म्हणजे ओला किती आणि कोरडा किती, टोन म्हणजे ओल्याची धार. ॲम्पच्या आतल्या रिव्हर्बला साधारण एकच बटण, तेही फक्त किती परत येऊ द्यायचा त्याचं, ढकलायचा जोर कारखान्यातच ठरलेला. आणि ढकलणारी ट्यूब वेगळी. आतल्या रिव्हर्बमध्ये छोटी १२एटी७ स्प्रिंगला ढकलते, जुन्या टँकमध्ये ६के६ ही रेडिओत स्पीकर वाजवायला वापरायचे ती पॉवर ट्यूब आहे. ६के६ चं नाव ऐकून काका एकदम खुश झाले, तरुणपणीची ओळख निघाली ना. एवढ्या जोरात ढकललं की स्प्रिंग नुसती घुमत नाही, ती दचकते. स्प्रिंगमधून वेगवेगळ्या उंचीचे सूर वेगवेगळ्या वेगानं जातात, म्हणून एक छोटा ठोका आत टाकला तर बाहेर पडताना तो ठोका राहत नाही, सरकत सरकत येणारा चिवचिवाट होतो. तोच थेंब. तळहात टेकवून ठोका जितका आखूड वाजवाल तितका थेंब सुटा पडतो.

जुना टँक माझ्या बजेटच्या बाहेर. सर्फीबेअर म्हणून एक नवा टँक स्वीडनमधून येतो, त्यात ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टर आहेत पण स्प्रिंग खऱ्या, त्याच तीन बटणांसकट. बॅगेत मावतो. मी त्यावर खुश आहे, शेजारी जुना खरा टँक ठेवून ऐकला तेव्हा फरक होता, पण ड्रम सुरू झाल्यावर मला तो सांगता आला नाही. पहिल्याच दिवशी काकांच्या गॅरेजमध्ये ड्वेल सहा, मिक्सर चार, टोन सहा ठेवलं आणि मिसिरलू वाजवलं, आणि टप् टप् टप्. काका स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून ऐकत राहिले आणि म्हणाले, "अरे, हा भैरव आहे की." मी हार्मोनियमवर लावून बघितलं तर खरंच, रे कोमल, ध कोमल, ग आणि नी शुद्ध, थेट भैरव थाटाचे सूर. पूर्व भूमध्य समुद्राच्या काठावरचं ते जुनं गाणं, डेलनं १९६२ साली ते एका तारेवर सुसाट वाजवलं. डेलचे काका ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवायचे, तिथून हे सूर त्याच्या कानात बसलेले. लहानपणी सकाळी रेडिओवर ऐकलेले सूर ह्या किनाऱ्यावर, ह्या वाद्यात भेटले की काय वाटतं ते मला नीट लिहिता येत नाही.

असो. टँक आल्यावर कोडं जुळलं, आणि माझ्यासाठी हीच ह्या प्रकरणाची गाठ आहे. टँक ॲम्पच्या आधी बसतो. म्हणजे रिव्हर्ब लागलेला, थेंबांसकटचा सगळा सूर ॲम्पच्या पोटात जातो आणि मग मोठा होतो. ॲम्प जरासा जरी फाटला तरी तो नुसती गिटार फाडत नाही, प्रत्येक थेंब आणि त्याची शेपटी एकत्र दाबून फाडतो, कारण फाटणं म्हणजे मोठा आणि छोटा आवाज एका उंचीवर आणणं, आणि थेंब ऐकू येतो तोच मुळी त्याच्या आजूबाजूच्या शांततेमुळे. पार्कात जो चिखल झाला होता तो ह्याचाच भाऊ. म्हणून सर्फवाल्याला स्वच्छ ॲम्प लागतो तो चवीपुरता नाही, टँक लावला की तो लागतोच. माझा प्रश्न मग असा झाला की मी ज्या मोठ्या आवाजात खरोखर वाजवणार आहे त्या आवाजाला स्वच्छ राहणारा, मला उचलता येणारा, रिव्हर्ब नसला तरी चालेल असा ॲम्प कुठला. "रिव्हर्ब नसला तरी चालेल" हे म्हटल्याबरोबर बाजारातले दर उतरतात, कारण बाकी सगळ्यांना रिव्हर्बवालाच हवा असतो.

शोमन किंवा ड्युअल शोमनचं हेड बघितलं, मनापासून हवं होतं, पण चांगल्या स्थितीतलं आमच्या पैशात येईना आणि ८५ वॅट आमच्या कार्यक्रमांना जास्तच. नवीन टोन मास्टर ट्विनचा मी गंभीरपणे विचार केला, १५ किलो, डिजिटल, मागे वॅट कमी करायचा स्विच, घरात एक वॅटवर लावून वाजवता येतो. ज्याला एकच डबा उचलून जायचंय आणि दुरुस्तीच्या भानगडीत पडायचं नाही त्याला मी आज तोच सांगेन. माझ्याकडे काका होते आणि जुनी वस्तू उघडून नीट करायची हौस होती, म्हणून मी दुसरीकडे वळलो.

मिळालं ते बँडमास्टरचं हेड, साठच्या दशकातलं, ४० वॅटच्या घरातलं, दोन ६एल६, रिव्हर्ब नाही, ट्रेमोलो आहे. शोमनचा धाकटा भाऊ म्हणा, प्रीॲम्पची मांडणी तीच. आणि महत्त्वाचं म्हणजे रेक्टिफायर ट्यूबचा नाही, डायोडचा आहे, म्हणजे तो दम घेण्याचा प्रकार जवळपास नाही. एका हातात उचलता येतं. विकणारा म्हातारा गृहस्थ होता, त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की वीस वर्षं चालू केलेलं नाही, आणि म्हणून आम्ही ते तिथं चालूच केलं नाही.

ह्यावर एक कळकळीची सूचना. जुना ट्यूब ॲम्प घरी आणून सरळ प्लगला लावू नका, आणि माहिती नसेल तर उघडू तर अजिबात नका. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरसुद्धा कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो, माणूस जाऊ शकतो. काकांनी आधी ते रिकामे केले, मीटरनं खात्री केली, मगच हात घातला. फिल्टरचे मोठे कंडेन्सर सगळे बदलले, कारण ते ठरावीक वर्षांत सुकतातच. जुनी दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची, अर्थिंगसकट लावली, आणि मेन लाइनपासून चॅसीला जोडलेला जो एक छोटा कंडेन्सर असतो तो काढून टाकला, तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांना हात लावलेल्या माणसाला झटका बसतो. मग नवीन ६एल६ ची जोडी आणि बायस, म्हणजे त्या ट्यूबमधून किती करंट जाऊ द्यायचा ते बसवणं. दोन रविवार गेले. आणि पुण्या-मुंबईतल्या कुणी इथून असं हेड नेणार असाल तर हे १२० व्होल्टचं असतं, २३० ला लावलं की संपलं, चांगला वजनदार स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या.

पेटी आम्हीच केली, १८ मिलिमीटरच्या बर्च प्लायवूडची, बंद पाठीची. स्पीकर जुना डी१३०एफ नाही, त्याच्याच बांधणीचा नवा, ॲल्युमिनियमची टोपीवाला १५ इंची. तो मुद्दाम ४ ओमचा मागवला कारण ह्या हेडचा ट्रान्सफॉर्मर ४ ओमला बनवलेला आहे. ८ चा लावला असता तरी जळलं नसतं काही, पण ताकद वाया गेली असती, आणि ताकदीसाठीच तर हा सगळा खटाटोप. सगळं मिळून, टँक धरून, ११४० डॉलर.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच पार्कात पुन्हा बोलावलं. इथं नोव्हेंबरातही हवा छान असते. गिटारपुढे ह्या वेळीही माइक नव्हता. व्हॉल्यूम साडेचार, ट्रेबल सात, बेस तीन, ब्राइट स्विच चालू, टँकचा ड्वेल साडेपाच, कारण मोठ्या आवाजात थेंब जास्त पुढे येतो, घरच्यापेक्षा थोडा कमी ठेवावा लागतो. टँक पेटीवर ठेवायचा नाही, स्पीकरच्या हादऱ्यानं स्प्रिंग आपोआप घुमायला लागते, मी तो फोमच्या तुकड्यावर खुर्चीत ठेवतो, ॲम्पच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून चार हात लांब, नाहीतर गुणगुण उचलतो. काका सहकुटुंब आले होते, सगळ्यात मागे उभे. दुसरी ट्यून तीच निवडली जी जुलैत फाटली होती. जाड तारेवर टकटक सुरू केली आणि समोरच्या झाडांपर्यंत एक एक ठोका सुटा जाताना मला ऐकू येत होता, थेंबासकट. मध्येच काकांकडे बघितलं तर त्यांनी दोन बोटं वर करून दाखवली, म्हणजे दुसरी गोष्टही सुटली असं.

राहिलेल्या अडचणी पण सांगतो. घरात हे हेडही मोठंच आहे, बाळ झोपलेलं असताना मी जुना २२ वॅटचा कॉम्बो दोनवर ठेवून त्याच्या आधी टँक लावतो, आणि खरं सांगू, थेंब तिथंही पडतो, त्यामुळे तो विकायचा विचार मी सोडून दिला. गाडीत टँक आडवा पडला की आतली स्प्रिंग आपटून धडाम् आवाज येतो, त्यासाठी बॅगेत आतून जाड फोम लावलाय. कार्यक्रमाला दोन फेऱ्या होतात, एक हेड आणि टँकची, एक पेटीची, पण दोन्ही फेऱ्या मी एकटा करतो आणि पाठ दुसऱ्या दिवशी सरळ असते.

कार्यक्रमानंतर एका सोमवारी मी ऑफिसातून लवकर निघून बाल्बोआला गेलो. रॉन्देवू १९६६ साली जळालं, आता तिथं घरं आहेत. वाळूत बसून फोनवर आमचं पार्कातलं रेकॉर्डिंग ऐकलं, लाटांचा आवाज मध्ये येत होता. तेवढ्यात आमच्या दुसऱ्या गिटारवाल्याचा मेसेज आला, त्याला ट्विनचं हेड वेगळं करून घ्यायचंय आणि १५ इंचीची पेटी हवीये, आणि काका ह्या रविवारी मोकळे आहेत का असं विचारत होता. मी काकांना फोन लावला. म्हणाले, "आहे मोकळा. प्लायवूड येताना घेऊन या, आणि त्याला सांग, स्पीकर मागवायच्या आधी ओम विचारून घे."